पान एक्केचाळिसावरची ओटी

पेडगाव
८ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपिकाला आजीचा लय लय आशीर्वाद.

पयली आली ती राजेश्री. भर दुपारी, पायात एक चप्पल तिची अन् एक सासूची. म्या म्हणलं हिच्या सासूला, पार्वतीबाईला काय झालं का काय. तर हिनं पदराखालून पुस्तक काढलं. "काकू, आत्याबाईंचं पुस्तक आलंय. चार खोकी उतरली. फेब्रुवारीच्या दोन तारखेच्या कार्यक्रमापत्तूर कुणाला दाखवू नका म्हणलेत, मी एक ओढून आणलं." तिच्या मागून तुझा आजा सटवाजी आला, त्याच्या मागून मांजर आली. मांजरीला चार पिल्लं झालीत, एकाचा कान काळा हाय. ते राहू दे.

म्या हात धुतले, चष्मा लावला. तुझं पुस्तक म्हणल्यावर पोथीच की. तू गेल्या चैतात आठ दिवस पार्वतीबाईच्या मागं मागं फिरलीस, बाळंतिणीच्या खोलीत वही घेऊन बसलीस, तवाच म्या साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, आपल्या गावच्या सुईणीचं चरित्र माझी नात लिवायलीय. आता मला काय तुझ्यावाणी भरभर वाचता येत न्हाई. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं, एकेक अक्षर धरून चालावं लागतंय. पण चं, द्र, भा, न एवढं लागलं. वर "लेखक" अन् खाली "चंद्रभान सर, सेलू". पाठीमागं त्याचाच फोटो, काळा चष्मा घालून. पार्वतीबाईचा फोटो आतमधी, पोस्टाच्या तिकिटाएवढा. म्या पानं उलटीत गेले. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात तू सापडलीस. "टंकलेखन साह्य, दीपिका." राजेश्रीनं फोड करून सांगितलं, म्हणजे मशीनवर टाइप करून दिलं.

तुझा आजा म्हणतो, पोरीनं तसंच ठरवलं आसंल. मला न्हाई पटलं. तू लहानपणी पाटीवर कोंबडी काढली तरी खाली नाव घालायचीस.

फोनच करणार होते, पण मला ऐकू येत न्हाई म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतोय, अन् तू तिकडून "आजी" म्हणलीस की पलीकडच्या घरातून "जेवलीस का गं दीपा" येतंय. म्हणून कागद. खरं काय ते लिव. मला लपवू नको.

तुझी आजी
भागुबाई

* * *

पुणे
१५ जानेवारी २०२५

ती. आजीस सा. न.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा भांडी तशीच राहिली.

लपवणारच होते, पण तू पुस्तक हातात घेऊन विचारतेस तर आता काय लपवू. ते सगळं मी लिहिलंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चंद्रभान सर गौरवग्रंथांची कामं घेतात. सितारामकाकांनी त्यांच्या आईच्या, पार्वतीआजीच्या पंच्याहत्तरीचं काम त्यांना दिलं, आणि मी पेडगावची म्हणून त्यांनी ते मला दिलं. "नाव तुमचंच राहील ताई, आमचं काय, आम्ही फक्त छापणारे," असं म्हणाले होते. तोंडी. मी कागदावर घेतलं नाही, हा माझा गाढवपणा.

आजी, घरी बसून लिहिण्याच्या या धंद्यात लोक पहिलं एकच विचारतात, आधी काय लिहिलंय ते दाखवा. माझ्याकडे दाखवण्यासारखं हे एकच होतं. सोनपेठचे योगीराज म्हणून आहेत, त्यांना वडिलांवर पुस्तक करायचंय. वडील जन्मभर मेंढरं घेऊन चालले, असा माणूस. मी त्यांना पार्वतीआजीवरचं सगळं लिखाण पाठवलं. त्यांना फार आवडलं. मग खात्रीसाठी त्यांनी सरांना विचारलं, आणि सर म्हणाले, "ती होय? माझं टायपिंग करायची." योगीराजांनी मला फोन करून काय सुनावलं माहीत आहे? "ताई, दुसऱ्याचं लेकरू कडेवर घेऊन माझं म्हणत फिरू नका."

त्या दिवसापासून मी कुणालाच काही पाठवलेलं नाही. मैत्रिणी सांगतात, स्वतःबद्दल लिही, फोटो टाक, लोकांना सांग. काय सांगू? मी सांगायचं आणि लोकांनी सरांना विचारायचं. इथे एका ऑफिसात दिवसभर फोन घ्यायचं काम मिळतंय, फेब्रुवारीअखेर होय-नाही कळवायचंय. सुरज, तुझा नातजावई, म्हणतो तुझं तू ठरव. मी होय म्हणणार आहे. वही-पेन ठेवून देते.

तू कुणाशी भांडू नकोस. शपथ आहे.

तुझी
दीपा

* * *

पेडगाव
२२ जानेवारी २०२५

चि. दीपिकाला आशीर्वाद.

शपथ पोचली. भांडणार न्हाई. भांडणाला आवाज लागतो, मला दम लागतो.

पण वही ठेवून द्यायची न्हाई. आदी माझं ऐक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्या यंदा वाट्या लुटल्या. स्टीलच्या, हातात घेतल्यावर जड लागाव्या अशा. परभणीला जाऊन त्यावर नाव घालून आणलं. नाव घालणारा म्हणतो, आजी, वाटी केवढी, तुमी सांगायलाव केवढं, एवढं बसत न्हाई. म्या सांगितलं होतं, "भागुबाई सटवाजीची नात सौ. दीपिका, हुशार, कुणाचंबी चरित्र, पत्रिका, भाषण, अर्ज सुंदर लिवून देईल, पुणे". शेवटी बसलं ते एवढंच. "दीपिका. लिहिते." अन् तुझा नंबर. पन्नास बाया वाट्या घेऊन गेल्या. आता गावात कुणीबी वरण वाढून घेतलं की तू दिसतीस.

आता मेन गोष्ट. मांजरीचं काळ्या कानाचं पिल्लू राजेश्रीला पाहिजे होतं, म्हणून म्या ते द्यायला त्यांच्याकडं गेले. पार्वतीबाई तूर निवडीत होती अन् राजेश्री तिला पुस्तक वाचून दाखवायली होती. मीबी बसले. आली ती एक्केचाळिसाव्या पानावर. तुझ्या ध्यानात हाय का, तू जायला निघालीस तवा लग्नानंतर पयल्यांदा घरी आलीस म्हणून राजेश्रीनं तुला पाटावर बसवून खणानारळानं ओटी भरली होती? ते तू लिवलंस. अन् ते तसंच छापलंय! वर नाव चंद्रभानचं, अन् आत ह्या बाबाला कुंकू लावून ओटी भरलीय!

पार्वतीबाईनं तूर खाली ठेवली. "राजे, चंद्रभानची ओटी कवा भरलीस तू? मला न्हाई सांगितलंस." आगं, हसून हसून राजेश्रीच्या डोळ्यातून पाणी, माझ्या बरगडीत कळ. मग हसणं थांबलं. म्या तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या लेकराच्या वाक्यावर पार्वतीबाईचा चेहराच बदलला. तिनं एवढंच म्हणलं, "माझ्या गावात येऊन माझ्या नावावर चोरी करायली व्हय."

दोन तारखेला तू यायचं न्हाई. तू आलीस की तो सावध होईल.

तुझी आजी

* * *

पुणे
२८ जानेवारी २०२५

ती. आजीस सा. न.

अगं बाई, ते पान! मी पार विसरले होते. सरांनी कुणाकडून तरी सगळीकडे "आले"चं "आलो" करून घेतलं असणार, आणि ओटी राहून गेली.

आजी, मला भीती वाटते. हा माणूस सगळ्या तालुक्यांत फिरतो, माइक त्याच्या हातात असतो. तो कार्यक्रमाआधी ते पान वाचेल आणि काहीतरी सारवासारव करेल. मग उरलंसुरलंही जाईल, आणि तुमचीच फजिती होईल.

आणि खरं सांगू? भीती वाटते तरी तुला थांब म्हणवत नाही. भांडी घासताना मी त्याला रोज इतकं सुनावते की सुरज स्वयंपाकघरात डोकावून विचारतो, कोण आलंय? मला त्याचं वाईट व्हायला हवंय. थोडं नाही, चांगलं भरपूर. लहानपणी तू शिकवलं होतंस तसं मनात काही ठेवत नाहीये.

तुझ्या वाट्यांमुळे सहा फोन आले. एकाला विहिरीच्या भांडणाचा अर्ज हवा होता. एका बाईला मुलाच्या मुंजीची पत्रिका. आणि पेडगावचाच एकजण, नाव नाही सांगत, त्याला माहेरी जाऊन बसलेल्या बायकोला पत्र हवं होतं. ते मी लिहून दिलं. ती परत आली म्हणे. तेव्हा वाटलं, हे काम मी सोडू नये. पण अजून ऑफिसला नाही म्हटलेलं नाही.

दोन तारखेचं लगेच कळव. फोनवर नको. पलीकडच्या काकूंना माझ्याआधी कळायचं.

तुझी
दीपा

* * *

पेडगाव
४ फेब्रुवारी २०२५

माझ्या सोन्याला आशीर्वाद.

तो वाचंल म्हणून भ्यायलीस? त्यानं वाचलं असतं तर ओटी राहिली असती का?

मारुतीच्या पुढं मंडप घातला होता. पार्वतीबाई खुर्चीवर, अंगावर नवं लुगडं, गळ्यात एवढा मोठा हार की हनुवटी दिसंना. सिताराम लय घाईत. चंद्रभान बदामी कोट घालून, माइक हातात. त्याच्या अंगावर सत्काराची शाल घातली. मग सुरू झाला. "हे पुस्तक लिहिताना मी आठ दिवस या माउलीच्या पायाशी बसलो." पायाशी! पार्वतीबाईनं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. म्या बघितलं.

सिताराम म्हणला, माय, दोन शब्द बोल. ती म्हणली, "मला बोलता येत न्हाई बाबा. सरांचा आवाज गोड हाय. त्यांनीच माझ्या पुस्तकातलं एक पान वाचावं. एक्केचाळीस." चंद्रभान खुश. घसा साफ केला, हात लांब करून वाचायला लागला. तुझं लिवणं मला बाई तिथं पयल्यांदा नीट ऐकू आलं. खोलीतला तेलाचा वास, शेगडीवरचा ओवा, पायावर घेतलेलं लेकरू. बाया पुढं सरकून बसल्या. मला रडूच आलं, पण ते मागं सारलं, काम होतं.

तो त्या भरात वाचत गेला. "राजेश्रीवहिनी म्हणाल्या, पहिल्यांदा आमच्या घरी आलात, तसं जाऊ देणार नाही. त्यांनी मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि खणानारळानं माझी ओटी भरली. मी पदर सावरला आणि..."

तिथं गाडी थांबली.

आदी एक पोरगी फिसकन हसली. मग बायांची पूर्ण बाजू. मग गडीमाणसं एकमेकांना विचारायली, काय झालं, काय झालं, अन् कळलं तसं तीबी. चंद्रभान घामानं भिजला. "साहित्यात असं असतं, माउली. लेखक कल्पना करतो. कधी कधी तो स्त्री होऊन लिहितो."

पार्वतीबाई उठली. हार काढून खुर्चीवर ठेवला. "सर, म्या या हातानं हजारावर बाळंतपणं केली. बाई कोण अन् बाप्या कोण हे मला कळतंय. माझ्या खोलीत आठ दिवस बसली ती भागुची नात. तुमी माझा उंबरा पयल्यांदा आज सकाळी बघितलाव, तोबी च्या प्यायला."

मग माझी पाळी. म्या ताट तयारच ठेवलं होतं. वर चढले. म्हणलं, "सर, पुस्तकात भरली ती पोरीची. तुमची राहिलीच की. बसा." तो म्हणतो, "आजी, काय करायलाव, लोक बघायलेत." म्हणलं, "बघू द्या की, लोकांना बघायला तर फोटो छापलाव. पदर न्हाई म्हणून लाजायलाव व्हय? शाल हाय की." अन् धरली शाल, अन् घातलं तांदूळ, नारळ, खण. माझ्या मागं राजेश्री, तिच्या मागं अकरा बाया ताटं घेऊन. गडी उभा राहिला शालीत बारा-तेरा नारळ सांभाळत. एक सोडला तर पायावर पडतोय. साऱ्यांनी मोबाइल काढले. आज सेलूपत्तूर तोच फोटो फिरायलाय म्हणं.

माइक तिथंच पडला होता. म्या उचलला. जन्मात पयल्यांदा. म्हणलं, "हे पुस्तक दीपिकानं लिवलंय. माझी नात हाय म्हणून सांगत न्हाई, तिनंच लिवलंय म्हणून सांगायलेय. पुण्याला राहती. तुमच्या घरच्यांचंबी लिवून देईल. पण नाव तिचं पडंल, हे आदी कबूल करायचं."

मधल्या रांगेतून एकजण उठला. सोनपेठचा योगीराज. चंद्रभाननं त्याला आपला थाट दाखवायला मुद्दाम बोलावलेला! माझ्यापाशी येऊन म्हणतो, आजी, माझी चूक झाली. म्या म्हणलं, "माझ्यापाशी कामून? लेकरू कडेवर घेऊन फिरू नका म्हणलाव ते तिला. तिलाच सांगा."

त्यानं केला का फोन? लगेच लिव.

तुझी आजी

ता. क. तुझा आजा तुझी शपथ मोडली म्हणतो. म्या आवाज बिलकुल चढवला न्हाई. विचार त्याला.

* * *

पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. आजीस सा. न.

मी पत्र सुरजला वाचून दाखवायला घेतलं आणि शालीपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना. त्यानं वाचलं, आणि मग त्यालाही येईना.

योगीराजांचा फोन आला. "ताई, मी तुम्हाला नको ते बोललो," म्हणाले. मी लगेच "असू द्या" म्हणणार होते, सवयीनं. मग तुझी आठवण झाली. मी गप्प राहिले. त्यांना आणखी दोनदा म्हणावं लागलं. मग मी म्हटलं, मी लेखिका आहे, टायपिंग करत नाही. वडिलांचं पुस्तक लिहीन. मुखपृष्ठावर माझं नाव राहील आणि ते आधी कागदावर लिहून घेईन. ते हो म्हणाले. ऑफिसला मी 'नाही' म्हणून कळवून टाकलंय.

सरांचाही फोन आला. "ताई, गावात तोंड दाखवायला तरी जागा ठेवा." मी विचारलं, तुमचं तोंड तर माझ्या पुस्तकाच्या मागे छापलंय, आणखी किती जागा पाहिजे? सितारामकाका सगळी खोकी परत करणार आहेत, छापखाना घेत नाही, काहीतरी मार्ग काढा म्हणून सर गयावया करत होते. मी म्हटलं, मार्ग पेडगावात आहे. आजीला विचारा. ती म्हणेल ते मला मान्य.

तर तो येईल. आजी, मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. अजून तरी आली नाही. तू काय ते ठरव, आणि फार लवकर सोडू नकोस.

तुझी
दीपा

* * *

पेडगाव
१८ फेब्रुवारी २०२५

चि. दीपिकाला आशीर्वाद.

आला. काल आला. एकटा न्हाई, संगं आदिनाथ म्हणून एक मदतनीस आणला, खोकी उचलायला. काळा चष्मा न्हाई, कोट न्हाई. तुझ्या आज्यानं लगेच चटई टाकली. म्या ती उचलली अन् तुरीचं रिकामं पोतं टाकलं.

म्हणतो, "आजी, नवीन कागदावर ताईंचं नाव छापून वरून चिटकवतो." म्या म्हणलं, चिटकवलेलं निघतंय. तुमी हातानं लिवायचं. पयल्या पानावर तुमचं नाव हाय, त्यावर रेघ मारायची अन् खाली लिवायचं, "हे पुस्तक सौ. दीपिका यांनी लिहिले." अन् त्याच्या खाली तुमची सही. तीनशे पुस्तकं. छापखान्यात न्हाई, घरी न्हाई, इथं, माझ्या ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असं. ते झालं की सिताराम खोकी ठेवून घेईल. त्याला म्या इचारलंय.

तो आदिनाथकडं बघायला लागला. आदिनाथचा हात पेनकडं गेला. म्या म्हणलं, "बाबा, तू खोकी फोड. लेखक ते हायेत."

बसला मग. माझ्या आयुष्यात म्या कुणाला एवढं लिवताना बघितलं न्हाई. मी समोर बसून एकेक पुस्तक बघायची. मला वाचायला वेळ लागतोय हे तुला माहीत हाय, त्याला न्हवतं. एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायची, "हे... पुस्तक... सौ..." तवर तो मान खाली घालून बसायचा. तीन पुस्तकांवर नाव गिचमिड काढलं होतं, ती परत लिवायला लावली. पार्वतीबाई खुर्ची घेऊन आली. राजेश्री आली. वाट्या घेऊन गेलेल्या बाया शेण टाकायला निघाल्या त्या इथंच थांबल्या. एकजण म्हणली, "सर, एवढं लिवायला येतंय तर पुस्तकबी लिवायचं होतं की." माझ्या मनातलं बोलली. तुझ्या आज्याला दया आली, त्यानं च्या आणला. म्या पिऊ दिला. गार झाल्यावर.

शेवटी त्याचं बोट सुजलं, अंगठा वळंना. म्हणतो, आजी, माझ्या लेकरांच्या शाळेच्या वह्यांवरबी म्या कवा एवढी नावं घातली न्हाईत. म्या म्हणलं, ती तुमची लेकरं हायेत, त्यांच्यावर नाव न्हाई घातलं तरी चालतंय. तवा त्यानं पेन खाली ठेवलं. अन् मग आपणहून म्हणला, "चुकलं माझं." म्या म्हणलं, हे तिला पत्रात लिवते. लिवलं.

एकशे अठरा झाली. त्यातली दोन तुला पाठवायलेय, योगीराजला एक दे. उरली एकशे ब्याऐंशी.

ती करायला दोघं परत येतो म्हणलेत ते येत्या सोमवारी, चोवीस तारखेला, सकाळच्या पयल्या गाडीनं.

तुझी आजी
भागुबाई